डब्याला ऊन लागलं

कापसाच्या जिनिंगमधला रुईचा ढीग ऐन उन्हाळ्यात भरदुपारी पेटला, त्या दिवसापासून शकूर मिस्त्री एकच वाक्य कानीकपाळी ओरडत होता. "डबा उघडा ना बाप्पा! डब्यात सारं दिसन!"

डबा म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रं साठवून ठेवणारं यंत्र. मलकापूर रस्त्यावरच्या या जिनिंगमध्ये शेठनं चार कॅमेरे लावले होते, त्यातला एक नेमका त्या ढिगाकडे तोंड करून होता. आणि गावात, नांदुऱ्यात, तर बोभाटा झाला होता की शकूरच्या बिडीनं जिन जाळली.

लोकांना तरी काय म्हणावं? शकूर तिथला जुना फिटर, आणि त्याची बिडी त्याच्याहून प्रसिद्ध. पण होळीच्या सुमारास छातीत कफ दाटला, तेव्हा त्याच्या बायकोनं, राबियानं, त्याला पोरांची शपथ घातली, आणि गड्यानं बिडी सोडली ती सोडलीच. हे राबियाला ठाऊक होतं आणि वर अल्लाला. राबियाची साक्ष बायकोची म्हणून बाद, आणि अल्लाला काही दिवाणजी माणिकरावांपुढं उभं करता येत नव्हतं.

आग कशानं लागली हे शकूरनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची पार वाट लावली होती. अळी लागत नाही म्हणून विकलेलं बी, आणि बोंड फोडावं तर आत अळी! शेवटी शेवटी लोकांनी भुईवर गळालेली, अळीनं खाल्लेली कवडी, म्हणजे किडका कापूस, झाडून आणली. तिच्यासोबत गोटे आले, खिळे आले, तारेचे तुकडे आले. असाच एक खिळा मशीनमध्ये अडकला, ठिणगी उडाली आणि वाऱ्यासोबत रुईत जाऊन पडली. शकूर बादली घेऊन धावला, त्यात त्याच्या हाताचे केस जळाले. पण सरकी वेचणाऱ्या बाया तेव्हा निंबाखाली भाकर खात बसल्या होत्या. पाहणारं कोणी नव्हतं, एक डबा सोडून.

आणि डबा होता लोखंडी कपाटात कुलूपबंद. किल्ली शेठपाशी आणि शेठ गुजरातेत लग्नाला. तोवर शकूरनं रोज माणिकरावांच्या टेबलापुढं उभं राहायचं आणि रोज ऐकायचं, "शेठ येऊ दे." वैताग वैताग झाला जिवाचा. घरी जेवण गोड लागेना. मशिदीतून निघताना लोक नजर चुकवायला लागले.

शेवटी शेठ आले. नांदुऱ्यात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारी धम्मशीला, जिनं हा डबा बसवून दिला होता, तिलाही बोलावलं. कपाटाचं दार उघडलं आणि भट्टीसारखी झळ बाहेर आली. आत डबा कुठे दिसेचना. त्याच्यावर घडी घातलेली जाड चादर होती.

"हे काय होय?" धम्मशीलानं विचारलं.

"टिवटिव करे दुपारभर," माणिकराव म्हणाले. "कान किटले आमचे. म्हणून पांघरवलं."

"थो ओरडून राह्यला होता, काका! गरमी सहन होऊन नाई राह्यली म्हणून! अन् मी इथं लहानसा पंखा लावला होता, थो कुठं गेला?"

"काढला. रात्रंदिवस लाईट खाये."

धम्मशीलानं कपाळावर हात मारला. "अहो, आतली डिस्क सात-आठ वॅट खाते, पंखा दोन-तीन. दोन्ही मिळून घरातल्या एका बल्बाएवढं. पण थेवढीच गरमी चोवीस तास कोंडून ठेवली, बाहेर चव्वेचाळीस अन् वरून चादर, तं काय होईन? साठच्या वर गेलं की डिस्कले झेपत नाई."

"किमती वस्तू होय, म्हणून जपली," माणिकराव म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. शकूरला वाटलं, ह्या माणसाला त्याच कपाटात तासभर कोंडावं, वर चादर टाकून.

धम्मशीलानं डबा बाहेर काढला, थंड होऊ दिला, पडद्याला जोडला. आगीच्या दिवशीची सकाळ निघाली, स्वच्छ. सरकी वेचणाऱ्या बायांतली कलाबाई झाडू मारताना दिसली, शकूर तेलाचा डबा घेऊन जाताना दिसला. शकूर खुर्चीवरून पुढं सरकला. ऊन चढलं, बाया भाकरीला उठल्या, आणि पडदा काळा झाला. पुन्हा उजळला तो दिवेलागणीला. काळी राख, चिखल, बंबाच्या चाकांच्या खुणा.

"मंधातलं?" शकूरचा आवाज चिरकला.

"नाई, शकूरकाका. डब्याले ऊन लागलं होतं. रोजच दुपारी बंद पडे, संध्याकाळी थंडावला की चाले."

 शकूरला रडावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त ओरडावंसं.

"मांगचं पाहू," माणिकराव म्हणाले, आणि चित्र मागं मागं नेत फेब्रुवारीवर थांबले. थंडीची रात्र. पाण्याच्या टाकीपाशी मफलर गुंडाळलेला शकूर, तोंडात बिडी. थंडीत डबा असा तब्येतीनं चालला होता की धूरसुद्धा दिसत होता.

"घ्या! सापडला!" माणिकराव म्हणाले.

"अहो तारीख पाहा ना! थे फेब्रुवारी होय, होळीच्या आंधीचं! अन् टाकी कुठं, रुई कुठं!"

"शेठ, याच्यात आगीचं काहीच नाई," धम्मशीलाही म्हणाली.

शेठनं विम्याचे कागद पुढं ओढले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला विम्याचे पैसे मिळवायचे होते, आणि मशीनमधल्या खिळ्यापेक्षा कामगाराची बिडी दाखवणं सोपं होतं. "विमावाल्याले काहीतरी दाखवा लागन, बाई. जे हाये थेच दाखवीन मी. मिस्त्री, उद्यापासून येऊ नका."

इतक्या वर्षांचा हिशेब असा एका वाक्यात झाला. शकूर पायऱ्या उतरत होता, तेव्हा शेठच्या खोलीतला कूलर दोघं जण उचलून कपाटापाशी नेत होते. बैल गेला अन् झोपा केला. आणि समोर टिनाखाली कलाबाई आणि बाकीच्या बाया डोक्यावर ओली फडकी घेऊन सरकी वेचत होत्या. त्यांच्यासाठी कूलरचं नाव इतक्या वर्षांत कोणी काढलं नव्हतं. संतापानं शकूरला पायरी दिसेना, तो कठड्याला धरून उतरला.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी बाया भाकर खायला निंबाखाली बसल्या, तर फाटकाबाहेर शकूर उभा. फाटकावरच्या कॅमेऱ्यासमोर, उघड्या डोक्यानं. दोन्ही हात पुढं केलेले, पंजे पसरलेले. मधूनच तो तोंड उघडून दाखवायचा.

कलाबाई लगबगीनं फाटकाशी आली. "भाऊ! काऊन उभे हा बाप्पा अशा उन्हात? झपाटलं की काय?"

"माहे हात पाह्य, कलाबाई. हाये काही हातात?"

"नाई जी. काहीच नाई."

"तुले नाई इचारून राह्यलो," शकूर कॅमेऱ्यावरची नजर न काढता म्हणाला. "त्याले आता ठंडक भेटली. आता त्याले दुपारचं दिसते."

"सावलीत या, भाऊ. भोवळ येईन."

"येतो. थोडं अजून पाहू दे त्याले."

कलाबाईनं डोक्यावरचं ओलं फडकं काढून फाटकाच्या गजांतून पुढं केलं. शकूरनं ते घेतलं नाही. हात रिकामेच दिसायला हवे होते.