खेळांच्या रोलमधला धूर

अगं, तू आधी नुसतं ऐक. मध्ये तोंड घालू नकोस, नाहीतर मी भलतीकडेच वाहवत जाईन.

तर ती चाळणी. खरं नाव वेगळं आहे, पण ऑफिसात सगळे तिला चाळणीच म्हणतात. एका बंद पडलेल्या वर्तमानपत्राचे सगळे जुने फोटो स्कॅन करून त्यांची डिजिटल लायब्ररी केलीय ना, तिथे ती काम करते. कुणाला जुना पूल हवा असतो, कुणाला पुराचा फोटो, आणि ही त्या लाखो फोटोंमधून बरोबर तोच चाळून काढते. कसं जमतं विचारलं तर म्हणते, "फोटोत काय आहे ते शोधायचंच नाही. फोटोला नाव देणारा माणूस त्या दिवशी किती कंटाळला होता, ते शोधायचं."

तर एक दिवस एक बाई आल्या. पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या. खुर्चीत नीट टेकल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "कापडाच्या गोदामाला आग लागली होती, आठवत असेल तुला. नाही, तुझा जन्म नसेल झाला. मागचं दार बंद होतं म्हणून आतली माणसं गेली. माझे वडील तिथे वॉचमन होते. दाराला कुलूप घालून चाव्या घेऊन तेच पळाले, असं चौकशीत ठरलं. तो ठपका माथी घेऊनच ते पुढे वारले."

"आणि खरं काय होतं?"

"चाव्या सुपरवायझरकडे असायच्या. पण तो त्या दिवशी आजारी, रजेवर. त्याने तसं लिहून दिलं, झालं. आता तिथे स्मारक होतंय आणि त्याच्या दगडावर कोरणार आहेत, वॉचमनच्या निष्काळजीपणामुळे. दगडावर गं! समितीवाले म्हणतात, पुरावा आणा, ओळ काढतो. या आठवड्यात आणा."

आता गंमत अशी, म्हणजे गंमत कसली डोंबलाची, चाळणीचे बाबा त्याच गोदामात सुपरवायझर होते. तिला ते माहीतच होतं. बाबा त्या दिवशी तापाने फणफणले होते, घरी पडून होते, म्हणून वाचले, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा दोघंच. तिला वाटलं, चाव्या त्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडे दिल्या असतील. उलट आपल्याच घरची गोष्ट म्हणून तिला जास्त चेव आला. बाईंना मात्र ती काही बोलली नाही. कुठे उगाच, असं म्हणून.

सुरुवात नेहमीसारखी. तिने 'आग' टाकलं. जंगलाची आग, गवताच्या गंजीची आग, कुणीतरी एका पुढाऱ्याच्या भाषणालासुद्धा 'आग' असा टॅग दिलेला! मग 'गोदाम' जोडलं, वर्ष जोडलं. मूठभर फोटो उरले. सगळ्यांत ज्वाळा छपराबाहेर आलेल्या आणि बंब उभा.

"हे मला पाठ आहेत," बाई म्हणाल्या. "याच्या आधीचं काही?"

मग चाळणीने शब्द बदलले. धूर. दुर्घटना. गर्दी. बंद दार. तिने 'रडणाऱ्या बायका' टाइप करायला घेतलं तर बाईंनी तिचा हात धरला. "ते नको गं टाकूस. त्यात माझी आई निघेल."

चाळणीने टाइप केलेलं पुसून टाकलं. म्हणाली, "तुम्ही आज घरी जा. मी बघते."

बाई गेल्या आणि मग हिच्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक फोटोला नंबर असतो बघ, आधी कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या रोलचा, मग त्या रोलमधल्या फोटोचा. आगीचा पहिला फोटो रोलमधलाही पहिलाच होता! आणि त्यात छप्पर आधीच पेटलेलं. म्हणजे फोटोग्राफर आधीपासून तिथे होता, जुना रोल संपला म्हणून त्याने नवा घातला. तिने आधीचा रोल उघडला. टॅग काय? 'शाळा, क्रीडास्पर्धा, विद्यार्थी.'

शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी, ऑफिसातला गडबड्या. तो रोल त्यानेच लायब्ररीत चढवलेला.

"काय रे, हा आख्खा रोल बघितला होतास का?"

"पहिला फोटो बघितला की. पोरं पोत्यात पाय घालून उड्या मारतायत. पुढेही मारतच राहणार ना! एका क्लिकमध्ये सगळ्या रोलला टॅग. तू एकेक बघत बसतेस, म्हणून तुला बढती मिळत नाही."

"आणि तुला मिळाली वाटतं!"

"मला निदान वेळेवर घरी जायला मिळतं, चाळणीबाई."

आणि गेलासुद्धा. ही एकेक फोटो पुढे नेत बसली. पोत्यातली पोरं. पडलेली पोरं. बक्षीस देताना तोंड उघडं राहिलेले मुख्याध्यापक. आणि पुढच्याच फोटोत धूर.

अगं, तिथेच होतं सगळं! 'क्रीडास्पर्धा' लिहून इतकी वर्षं पडून राहिलेलं. एका फोटोत पुढच्या फाटकाशी वॉचमनची टोपी घातलेला माणूस, दोन्ही हातांत बादल्या, धावतोय. पुढच्यात मागचं दार. दाराशी एक तरुण माणूस, एका हातात चाव्यांचा जुडगा, दुसऱ्या हाताचा तळवा डोक्यावर, कोपर वर. नुसता उभा. त्याच्या पुढच्यात दार तसंच बंद आणि तो माणूस नाही.

चेहरा तसा धूसरच होता. पण तळवा डोक्यावर ठेवून असं उभं राहणारा माणूस ती रोज सकाळी शब्दकोडं सोडवताना बघते.

घरी गेली तर बाबा भाजी चिरत होते. म्हणाले, "आज उशीर?"

"ते गोदामाचं काम आलंय ना. त्या वॉचमनची मुलगी आलीय."

सुरी थांबली. "जुनं कशाला उकरायचं?"

"बाबा, तुला त्या दिवशी ताप किती होता?"

"होता बराच." त्यांनी पुन्हा सुरी चालवायला घेतली. मग हळूच, "सापडलं का काही?"

"नाही अजून," चाळणी म्हणाली. बाबांशी ती खोटं बोलली, पहिल्यांदा.

"सापडलं तर तो वॉचमन दिसेल बघ त्यात. भला माणूस होता. बादल्या घेऊन वेड्यासारखा धावत होता बिचारा."

आता तूच सांग, तापाने घरात पडलेल्या माणसाला बादल्या कुठून दिसल्या? त्यांनाही ते कळलं बहुतेक, कारण ते चिरलेलीच भाजी परत चिरायला लागले. जेवताना वाढायला म्हणून त्यांनी डाव उचलला आणि तिच्या ताटात भाजी वाढतच राहिले, शेवटी तिनेच तो डाव काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच तिने त्या रोलचे टॅग बदलले. शाळेचे फोटो शाळेत ठेवले, बाकीच्यांना लिहिलं, 'गोदाम, आग.' आता कुणीही शोधलं तरी ते मिळणार. एवढं तिने केलं हं, मनात काही यायच्या आत करून टाकलं.

बाई आल्या. बादल्यांचा फोटो बघून त्यांनी स्क्रीनवरच हात ठेवला. "टोपी तिरकीच घालायचे," म्हणाल्या आणि हसल्या, रडता रडता. मग दुसरा फोटो.

"हा कोण?"

चाळणीने फोटो उगाचच मोठा केला.

"चाव्या याच्याकडे आहेत. हा सुपरवायझर का? मी त्याला कधी पाहिलं नाही गं. पण नुसता कुणीतरी माणूस दाखवून समितीवाले ऐकणार नाहीत. म्हणतील, चाव्या काय, कुणाच्याही असतील. याचं नाव लागेल." त्यांनी चाळणीकडे असं बघितलं, जसं आपण डॉक्टरकडे बघतो. "तू इतकं शोधलंस. एवढं एक शोधशील?"

फोटोखाली एक चौकट असते, 'फोटोतील व्यक्ती' अशी. ती रिकामी. त्यात कर्सर लुकलुकत होता आणि चाळणीची बोटं कीबोर्डवर होती. शोधायचं काहीच नव्हतं. तिकडे घरी एकटे बाबा, आणि इकडे या बाई, आणि तिकडे दगड कोरायला निघालेला.

सांग ना. आता बोल की! त्या चौकटीत तू काय लिहिलं असतंस?