क्युबाचा लाल पोपट

सत्त्याण्णव सालच्या गणपतीत शाहूपुरीतल्या एका मंडळानं ठरवलं, की यंदा देखाव्यात भुतांची गुहा नको, काहीतरी अभ्यासाचं दाखवायचं. अभ्यासाचं म्हटल्यावर अध्यक्ष बाळासो थेट शेजारच्या शिवलीलाबाईंकडे आला. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, आणि क्युबाच्या मकाववर त्यांचा फार जीव. अंगानं लालभडक, मानेवर पिवळा, पंखांत निळा असा हा मोठा पोपट फक्त क्युबाच्या बेटांवरच राहायचा. माणसांनी तो मारून खाल्ला, पिल्लं पाळायला मिळावीत म्हणून ढोलीसकट झाडं आडवी केली, आणि एकोणिसाव्या शतकात तो कायमचा संपला. बाईंनी हे सगळं लिहून दिलं, वर स्वतःच्या आवाजात कॅसेटही भरून दिली. पक्षी थर्माकोलचे करायचे ठरले होते.

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक यायच्या संध्याकाळी बाई नवी साडी नेसून मांडवात शिरल्या आणि जागच्या जागी थिजल्या. पिंजऱ्यात पोपट होते. जिवंत. आपलेच हिरवे पोपट, ऑइलपेंटनं लाल रंगवलेले! एकाचा डोळा रंगानं चिकटला होता. दुसरा पंख उघडायला बघत होता, पण पंख सुटत नव्हता. वर स्पीकरवर बाईंचाच आवाज हळहळत होता, "माणसाच्या हौसेपायी हा पक्षी गेला..."

"बाळासो, हे कुठनं आणलंस?"

"पन्हाळ्याच्या रानातनं की! उन्हाळ्यात पोरांनी झाड पाडलं, तवा ढोलीत पिल्लं गावली. थर्माकोल हलत न्हाय बाई, पब्लिक थांबत न्हाय. आता बघा, पयला नंबर आपलाच हाय."

"आणि मेले तर?"

"दुसरे आणू की. पोपटांला काय तोटा हाय व्हय?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर ह्या माणसानं ती कॅसेट ऐकली, ऐकताना डोळेसुद्धा पुसले, आणि डोक्यात एक अक्षर शिरलं नाही! दूरच्या बेटावरचा मेलेला पक्षी ह्यांना रडवतो, हातातल्या जिवंताचं काहीच वाटत नाही. संतापानं बाईंनाच रडू फुटलं. त्यांनी पिंजरा उचलला, छातीशी धरला आणि रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला. नव्या साडीला लाल रंग लागला, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

"बाई, असं करू नका!" बाळासो मागनं धावला. "परीक्षक कोपऱ्यावर आल्यात. त्यास्नी काय दाखवू?"

"जनावरांच्या दवाखान्यात घ्या," बाई रिक्षावाल्याला म्हणाल्या. मग बाळासोकडे वळल्या. "कॅसेट चालू ठेव. पक्षी कुठाय विचारलं, तर सांग, आमीच संपवला."