फ्रीजरमधला रस्सा

दिवस राहिले आणि माझ्या तोंडात लोखंड आलं. पाणी प्यावं तर गंजक्या नळाचं, पाव खावा तर किल्ली चघळल्यासारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं काहींना असं, बाळंत झालात की जाईल. माझ्या सुजलेल्या पायांवर बोट दाबून त्यांनी मीठही कमी करायला सांगितलं. मला त्याचं काय, मीठ आणि साखर सारखंच लागत होतं.

मी थांबायला तयार होते. फ्रीजरमध्ये आईच्या हातचा कोंबडीचा रस्सा होता, एकच डबा. आई गेली त्यानंतर तेवढाच उरला होता आणि तो मला चव परत आल्यावर खायचा होता.

आई कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. शिजवताना ती कधीच चाखत नसे. मिठाची मूठ भरायची, अंगठ्याने थोडं मागे सारायची आणि टाकायची. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. म्हणायचे, "गावभरचे काटे माझ्याकडे येतात आणि माझ्याच घरात काट्याला काम नाही."

"तुमच्या काट्यांना गंज चढतो," आई म्हणायची. "माझ्या हाताला चढलेला बघितलाय?"

आजारपणात औषधांनी तिची जीभ मेली. तरी उभं राहवत होतं तोवर तिने ओटा सोडला नाही. फक्त ती चाखू लागली. पळी तोंडाशी न्यायची, थांबायची, पुन्हा न्यायची. हा रस्सा तेव्हाचा. तो ताटात पडायच्या आतच तिला दवाखान्यात हलवावं लागलं आणि बाबांनी तो डब्यात भरून ठेवला.

मग फ्रीज बंद पडला.

"काका, कॉम्प्रेसरने मान टाकली," मेकॅनिक म्हणाला. "नवा घ्या. हा आता आजोबा झालाय."

"आजोबा तर मीही होणार आहे. मलाही बदलतोस का?"

तो हसत गेला. बाबांनी डबा बाहेर काढला. कडेचा बर्फ सुटला होता.

"शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवू या ना," मी म्हणाले.

"वितळलेलं पुन्हा गोठवायचं नसतं. तुझ्या आईचाच नियम."

"पण मला चव लागत नाही, बाबा."

"तुला नसेल लागत. पोटातल्याला लागेल. आजीच्या हातचं एकदा तरी जाऊ दे त्याच्या तोंडी."

त्यांनी रस्सा खळखळून उकळला आणि दोन वाट्यांत वाढला. मी डोळे मिटून पहिला घास घेतला. कांदा शोधला, मिरी शोधली. नुसतं गरम, दाट लोखंड. डोळे उघडले तेव्हा बाबांचा जबडा थांबला होता.

"कसा लागतोय?" त्यांनी विचारलं.

"आईचाच," मी म्हणाले. "अगदी तसाच."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हो. तसाच आहे." मग त्यांनी माझी वाटी स्वतःकडे ओढली. "पुरे तुला."

"बाबा, अहो काय हे!"

"हावरटपणा समज. मला हवाय."

आपल्या ताटातला मोठा तुकडा जन्मभर माझ्याकडे सरकवणारा माणूस. मला भयंकर राग आला. त्यांनी आपली वाटी संपवली, माझी संपवली. मध्ये उठून पाणी प्यायले. बसले, पुन्हा उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आईची आठवण.

पातेलं घासायला घेतलं तर कडेला, रस्सा आटला होता तिथे, पांढरी खपली धरली होती. मी ती बोटाने खरवडली आणि जिभेवर ठेवली. लोखंड. दुसरं काहीच नाही.

"बाबा, खारट होता का हो?"

"तुझ्या आईच्या हातचं कधी खारट झालंय?" ते म्हणाले, आणि रिकामा पेला घेऊन पुन्हा नळाकडे गेले.