कोपऱ्यातला खांब

शिकागोतल्या एका उंच इमारतीच्या अर्धवट सांगाड्यासमोर लोक टोप्या काढून उभे होते. भुतं काढत फिरणाऱ्या धर्मोपदेशकानं, ब्रदर सायलसनं, कोपऱ्यातल्या पोलादी खांबाच्या तळाशी हात टेकला आणि डोळे मिटून गर्जला, "एलॉफ, बाटली सुटली नाही तुझी, निदान खांब तरी सोड."

कालपर्यंत सरोवरावरून वारा आला की हा खांब वर थरथरायचा. आज वारा तसाच होता, खांब मात्र ढिम्म. बायका रडायला लागल्या. पोलाद चढवणाऱ्या आमच्या गँगमधले दांडगे गडी गुडघ्यांवर बसले. ब्रदर म्हणाला, "तीन राज्यांतले पूल शांत केलेत मी. एकावर तर नवरा-बायको दोघं भुतं होती. सारखी भांडायची."

एलॉफ आमचा सोबती, गेल्या महिन्यात ह्याच खांबावरून पडून गेला. दारूच्या नशेत मेला म्हणून त्याचा आत्मा खांब हलवतोय, असं ब्रदरनं ठरवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एलॉफची मुलगी हेडविग शाळेत शिकवते. ती गर्दीत खाली मान घालून उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात तिनं मान वर केली. "ब्रदर, तो पलीकडचा खांबही हलतोय. तिथं कोण मेलंय?"

"असेल कुणीतरी, पोरी."

"मग ठेवा की हात."

त्यानं हात ठेवला, प्रार्थना म्हटली, घाम गाळला. खांब हलतच राहिला.

"ह्या भुताला इंग्रजी कळत नसेल," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

हेडविग आमच्या मुकादमाकडे, गसकडे वळली. "काका, त्या पहिल्या खांबापाशी काल काय केलंत?"

"विशेष काही नाही. ब्रदर म्हणाले, वर प्रार्थनेला माणसं बसायला हवीत. म्हणून मधल्या मजल्यांच्या तुळया बसवल्या, फळ्या टाकल्या..." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला.

"ह्यालाही बसवा. प्रार्थना नको."

संध्याकाळपर्यंत तुळया चढल्या, बोल्ट आवळले गेले आणि खांब थांबला. ब्रदरनं तोवर काढता पाय घेतला होता. हेडविगनं पिशवीतली विणायची लांब सुई काढून तिची टोकं दोन तळहातांमध्ये दाबली. सुई वाकली. मग गसला मध्यावर चिमटीत धरायला लावून पुन्हा दाबली. वाकली नाही.

खांब मजला पेलतो आणि मजला खांबाला जागेवर धरून ठेवतो, हे तर आमचं रोजचं काम. पूर्वी पुलांच्या कामावर राहिलेल्या ब्रदरलाही ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं आधी फळ्या मागितल्या. स्वतः तुळया बसवून आम्ही त्यालाच चमत्कार म्हटलं, ह्याची मला फार लाज वाटली.

"तुळया आधीच का नव्हत्या, काका?"

सांगाडा पुरा झाला की सगळ्यात वरच्या तुळईवर फरचं झाड लावायची आमच्यात रीत आहे; जिचं झाड आधी चढेल, ती गँग वर्षभर मिरवते. रस्त्यापलीकडच्या गँगला हरवायला गसनं खांब भराभर वर नेले आणि मजले मागे ठेवले. हे त्यानं पुटपुटत सांगितलं.

"बाबा प्यायले होते?"

"नाही." गसनं टोपी काढली. "खांब हलला, म्हणून तो पडला."

"मोठ्यानं सांगा. सगळ्यांना."

त्यानं सांगितलं. कुणालाही मान वर करवेना.

बाबांनो, खांब हलला तर आधी तुळई आहे का बघा. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडायला खाली येता येत नाही.