डबीतली दाढ

आमच्या ह्यांचा वरचा पुढचा दात हलायला लागला आणि घरातलं वाजणं बंद झालं. हे बँडमध्ये चोवीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतात. वाद्याचं टोक वरच्या दातांवरच टेकतं. दात गेला की सूर गेला. बँडमास्तर म्हणाले, तीन महिने जागा धरून ठेवतो, मग दुसरा माणूस बघावा लागेल.

दातांच्या डॉक्टरबाईंनी हिरड्या दाबल्या तर रक्त आणि पू. "साखर किती असते?" त्यांनी विचारलं.

"साखरेचं बघायला आमचे डॉक्टर आहेत, तुम्ही दाताचं बघा," मी फटकन बोलले.

"ताई, साखर वाढली की हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांत पू असला की साखर खाली यायचं नाव घेत नाही. मी आतून सफाई करते. मागची एक दाढ काढावीच लागेल. पुढचा दात वाचेल, पण साखर उतरली तर."

उतरली तर म्हणे! दोन वर्षं मी ह्यांचा घास न् घास मोजत होते. चहा बिनसाखरेचा, औषधं घड्याळ लावून. शेजारीण मला जेलर म्हणायची. तरी साखर हटेना. मी ठरवलं, ही येते कुठून ते बघितल्याशिवाय राहायचं नाही.

ह्यांच्या जागेवर बँडमास्तरांनी अजून कुणाला बसवलं नव्हतं, म्हणून हे हळू फुंकत सरावाला जायचे. मी जाऊन मागच्या बाकावर बसले. एक गाणं संपलं की ह्यांचा हात वाद्याच्या पेटीत. पत्र्याची डबी उघडायची, लिंबाची गोळी गालात. घसा सुकू नये म्हणून सगळेच वाजवणारे तसं करतात. दीड तासात मी नऊ गोळ्या मोजल्या.

आणि ती डबी कोण भरत होतं? मीच. रोज सकाळी पुसायचं फडकं, वाद्याच्या टोकाला लावायची रीडची पट्टी आणि गोळ्या. ते वाद्याचं सामान, खाण्यात कोण धरतं! काखेत कळसा अन् गावाला वळसा. घरी येऊन मला रडू आवरेना.

"अगं, मला तरी कुठे सुचलं?" हे म्हणाले. "उद्यापासून बाटलीत पाणी दे."

त्या दिवसापासून मी हट्टालाच पेटले. सकाळ-रात्र ब्रश करताना मोरीच्या दाराशी उभी. सफाईची एक तारीख चुकवू दिली नाही. महिन्याभराने साखर जरा उतरली तेव्हा बाईंनी दाढ काढली. ह्यांनी ती मागून घेतली, धुतली आणि डबीत टाकली.

"हे काय भलतंच?" मी म्हटलं.

"हात सवयीने डबीकडे जाणारच. गेला की हिच्यावर पडू दे."

रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा साडेनऊवरून सातवर आला. दात अजून किंचित हलत होता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बँडमास्तरांनी ह्यांना पुढे बसवलं. मी त्याच बाकावर. पहिलं गाणं संपलं. ह्यांचा हात पेटीत गेला, डबी उघडली, मिटली. हे दोन घोट पाणी प्यायले.

मग त्यांनी तो वरचा लांब सूर लावला. खोलीतले सगळेजण सूर ऐकत होते. मी दाताकडे बघत होते, आणि तो हलला नाही.