चढापुरतं

गुरुवारी दुपारी तीन वाजले की टेलरबाई शिलाई मशीन बंद करायची. मग गिऱ्हाइकानं कितीही गयावया केली तरी तिचे कान रस्त्याकडे. घराअलीकडच्या उतारावर नवऱ्याच्या ट्रकचे दोन हॉर्न वाजले की ती चहा टाकायची, आणि तो उकळेपर्यंत ट्रक दाराशी. दहाच मिनिटं थांबायचा नवरा. बाकी आठवडा त्याचा मुक्काम गाडीतच. त्या दहा मिनिटांवर ती पुढचा आठवडा काढायची.

सरकारनं डिझेलवरची सबसिडी काढली आणि त्या गुरुवारी हॉर्न वाजलाच नाही. पाच वाजता पंक्चरवाला म्हणाला, "वहिनी, दादा तर केव्हाच गेले. मांजराच्या पावलांनी गेली गाडी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर तिनं नवऱ्याला चांगलंच धारेवर धरलं.

"अगं, मालक आता डिझेल मोजून देतो," तो म्हणाला. "उतारावर इंजिन बंद ठेवतो. त्याच वेगात पुढचा निम्मा चढ निघतो. दाराशी थांबलो तर सगळा चढ इंजिनावर काढावा लागेल."

"आणि हॉर्न? तोही डिझेल पितो वाटतं?"

"तो हवेवर वाजतो. इंजिन बंद असलं की टाकीत नवी हवा भरत नाही. आहे ती ब्रेकला ठेवावी लागते."

भांडायचं तर माणूस समोर लागतो. फोनवर भांडून तिचं पोट भरेना. तो पूर्ण आठवडा तिनं लोकांच्या बाह्या उलट्यासुलट्या जोडल्या.

पुढच्या गुरुवारी ती थर्मास घेऊन घरापलीकडच्या चढाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. ट्रक खालून सुसाट आला, निम्म्यावर दमला, इंजिन सुरू झालं आणि गाडी माणसाच्या चालीनं वर सरकू लागली. ती खिडकीखालून चालू लागली.

"वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला. तोंड मात्र कानापर्यंत पसरलं होतं. "इथं थांबलो तर गाडी पुन्हा उचलायची नाही."

"थांबा म्हणतंय कोण? चहा घ्या."

आठवडाभर मनात साठवलेलं सगळं ऐन वेळी कुठं गेलं कुणास ठाऊक. वर बघत ती एवढंच म्हणाली, "शर्टाचं बटण कुठं पाडलंत?" सुईदोरा नेहमीसारखा पदराला टोचलेला होता. पण हात तिथवर पोचत नव्हता.

माथा आला. तिला वाटलं, हा चढ अजून कोसभर तरी असायला हवा होता.

"जा आता. ब्रेक सांभाळा."

इंजिन बंद झालं. ट्रक आवाज न करता उतरला आणि वळणाआड गेला. मग दोन हॉर्न वाजले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ब्रेकची हवा होती ती. लांबच्या चढावर इंजिन सुरू झाल्याचं ऐकू येईपर्यंत ती जागची हलली नाही. पुन्हा असा हॉर्न वाजवू नका, असं त्याला बजावायला हवं होतं. घरी येऊन तिनं फोन लावला, बटणाचं बोलली, चहाचं बोलली, आणि तेवढं मात्र सांगायचं राहून गेलं.