मोठ्या फेरीची तयारी

धान्याच्या कोठारांशेजारी वजनकाटा आहे. डॅरिलने आपली मिनीबस त्यावर चढवली तेव्हा शेजारच्या सीटवर म्हातारा स्पिरो बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण शेजाऱ्याची गाडी काट्यावर चढणार आणि आपण घरी बसायचं, हे पोर्ट पिरीत कुणाला जमत नाही.

काट्यावरच्या बाईने काचेआडून आकडा दाखवला. डॅरिल बघतच राहिला.

"किती?" स्पिरोने विचारलं.

"साडेतीनशे किलो जास्त."

"म्हणजे मी उतरलो तरी भागत नाही."

"तू गप बस."

साडेचार टनांच्या वर गेलं की साधा परवाना चालत नाही आणि वाटेत कुठे ठोकली तर विमावाले हात वर करतात. आज शनिवार होता. सोमवारी सकाळी डॅरिल सगळ्या ऑस्ट्रेलियाला वळसा घालायला निघणार होता. एकटा, वर्षभरासाठी. शहाणा माणूस आधी वजन करतो आणि मग गाडी भरतो. डॅरिल शहाणा नव्हता, कारागीर होता. जन्मभर कारखान्यात पोलादाचे पत्रे कापून जोडले त्याने. आपण केलेलं काम कधी जड होऊ शकतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

"उद्या तुझ्या निरोपाचं जेवण आहे," घरी परतताना स्पिरो म्हणाला. "हे तिसरं. या खेपेला नाही गेलास ना, तर आधीच्या दोन खेपांची माझी कोशिंबीर परत कर."

डॅरिल हसला नाही. कारण ते खरं होतं. सगळ्या गल्लीने आपापलं मांस आणि आपापली बिअर घेऊन त्याला दोनदा निरोप दिला होता. हातात हात घेऊन, पाठीवर थापा मारून. दोन्ही वेळा तो गेला नव्हता. एकदा गिअरबॉक्स बदलायचा ठरला, एकदा छतावरचे सोलर पॅनल त्याच्या मनासारखे बसले नाहीत.

या देशात प्रत्येक गल्लीत एक तरी असा बाप्या असतो. त्याला मोठी फेरी मारायची असते. अंगणात गाडी उभी असते आणि गाडीखालून त्याचे पाय बाहेर आलेले असतात. डॅरिलने गाडी आणली तेव्हा त्याची मुलगी टेगन पहिलीत होती आणि मुलगा ब्रोडी रांगत होता. ठरलं होतं असं, की एप्रिलमध्ये निघायचं, पश्चिमेकडून वर चढायचं, उत्तरेत पोचेपर्यंत तिकडचा पावसाळा सरलेला असेल. एप्रिल हुकला तर उत्तरेत रस्ते पाण्याखाली सापडणार. म्हणजे पुढचा एप्रिल. हे कारण इतकं पक्कं होतं की कुणाला त्यात बोट घालता येत नसे. एकाच ठिकाणी दहा वर्षं घासली की लांब पगारी रजा मिळते. ती त्याची दुपटीने साठून पडली होती. बायको रेलीन म्हणायची, "अरे, तंबू टाकू मागे आणि निघू. मुलं आहेत तोवर." तो म्हणायचा, "करायचं तर नीट करायचं, नाहीतर करायचंच नाही."

मग रेलीन निघून गेली. फेरीला नव्हे, दोन गल्ल्या पलीकडे, पण गेली. तेव्हापासून डॅरिल लोकांना सांगू लागला की मी एकटाच जाणार, एकट्याने जाण्यात जी मजा आहे ती कुणाबरोबर नाही. लोक मान डोलवत. त्याच्याबरोबर यायला कुणी उरलंच नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तोंडावर बोलण्याइतका वाईट कुणीच नव्हता. स्पिरोसुद्धा नाही.

दुपारी रेलीन आली. गाडीमागे ट्रेलर होता. ती जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात काम करते. टेगनने अ‍ॅडलेडहून तिला फोन केला होता की बाबाची गाडी जड झालीय, जाऊन बघ, नाहीतर तो परत राहील.

"काय रे, किती चढलंय?" तिने उतरता उतरताच विचारलं.

"फार नाही."

"साडेतीनशे!" कुंपणापलीकडून स्पिरो ओरडला.

"स्पिरो, आत जा तू!"

"मी माझ्या अंगणात उभा आहे!"

रेलीन गाडीत चढली. गाडीत ती अनेक वर्षांनी पाय ठेवत होती. तिने एकेक दार उघडून पाहिलं आणि शिटी वाजवली. काम देखणं होतं, यात वाद नाही. कप्प्यांचे कोपरे गुळगुळीत, एक खिळा कुठे वर आलेला नाही.

"दोन फ्रीज?"

"एक बंद पडला तर?"

"तर बीन्सचा डबा फोडायचा. काढ एक." तिने बाहेर बोट दाखवलं. "कॉफीचं मशीन काढ. या स्प्रिंगा कसल्या?"

"जादा. तिकडे मिळत नाहीत."

"तिकडे माणसं राहतात, डॅरिल. काढ."

तासाभरात निम्मा ट्रेलर भरला. तो प्रत्येक वस्तूसाठी भांडला आणि प्रत्येक वेळी हरला, पण त्या भांडणात त्याला बरं वाटत होतं. किती दिवसांनी कुणीतरी त्याच्याशी भांडत होतं. तरी हिशेब जमेना. जड सामान जे होतं ते मागच्या बाजूला होतं: एकावर एक दोन झोपायचे बंक. मुलांसाठी केलेले. जाड पोलादी नळ्या, गाडीच्या सांगाड्याला थेट वेल्डिंगने जोडलेल्या. वळणावर पोरं पडू नयेत म्हणून कठडेही तसेच.

रेलीनने वरच्या बंकवर हात ठेवला. "हे निघालं की झालं."

"ते निघत नाही. बोल्ट नाहीत त्याला."

"मग काप."

"सांगाडा ढिला पडेल."

"डॅरिल, पोरगी सव्वीस वर्षांची आहे. ब्रोडीचे पाय या फळीबाहेर गुडघ्यापर्यंत लोंबतील. कुणाला झोपवणार आहेस यावर?"

तो खाली उतरला. शेडमध्ये जाऊन ग्राइंडर घेऊन आला. चष्मा लावला, कानांवर आवाज अडवणारे कप चढवले आणि कापायला लागला. ठिणग्या उडत होत्या. पहिली नळी तुटायलाच खूप वेळ गेला. साली काय जोडणी केली होती! आपल्याच हाताच्या जोडणीला शिव्या देत तो थांबला, घाम पुसला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"पुढे दोन सीटा आहेत."

"दिसतात मला."

"म्हणजे... ब्रूमपर्यंत तरी. तुला समुद्र बघायचा होता तिकडचा. किनाऱ्यावर उंटांच्या रांगा वगैरे. तिथून विमानाने परत ये."

रेलीन पायरीवर बसली होती. तिने पाण्याची बाटली उघडली, परत बंद केली.

"मी बघितलाय तो."

"काय?"

"ब्रूमचा समुद्र. मी आणि पोरं जाऊन आलोय."

त्याने कानावरचं काढलं, जणू त्यामुळे नीट ऐकू आलं नव्हतं. "कधी?"

"मी इथून गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. दोन महिने. शाळा बुडवली पोरांची. माझ्या त्या निळ्या डबड्यातून."

"त्या गाडीतून? तिचा रेडिएटर गळत होता!"

"गळला ना. तीनदा. भरलं पाणी आणि पुढे गेलो. सुपरमार्केटमधला तंबू होता, ओला झाला की दोन दिवस वास मारायचा. रोबर्नच्या अलीकडे टायर फुटला आणि जॅक सापडेना. एका ट्रकवाल्याने दगड लावून गाडी उचलली आणि ब्रोडी भर उन्हात उलट्या करत होता. भांडलो तर किती, विचारू नकोस. टेगन एक दिवस माझ्याशी बोललीच नाही." ती हसली आणि मग तिच्या लक्षात आलं की हसायला नको होतं.

"पोरं म्हणाली होती, पर्थला मावशीकडे चाललोय."

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

"टेगनने सांगू दिलं नाही. चौदा वर्षांची होती. म्हणाली, बाबाला कळलं तर तो गाडी विकून टाकेल. आणि गाडी नसली तर त्याच्याजवळ काय राहील?"

डॅरिल अर्धवट कापलेल्या बंकवर बसला. तेव्हा तो काय करत होता, ते त्याला लख्ख आठवलं. तो हिवाळाभर जादा पाळ्या करत होता, बॅटऱ्या घ्यायच्या होत्या म्हणून. फोनवर पोरांना विचारायचा, मावशीकडे बरं आहे ना? पोरं म्हणायची, हो. मागे वारा ऐकू यायचा. पर्थला वारा असतोच, असं त्याला वाटलं होतं. चौदा आणि नऊ वर्षांची पोरं बापाला सांभाळून घेत होती आणि बाप बॅटऱ्यांचे भाव बघत होता.

"पोरं माझी आठवण काढायची?" त्याने विचारलं. विचारू नये ते.

रेलीनला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

"पहिले काही दिवस. काही मोडलं की ब्रोडी म्हणायचा, बाबाने हे धड केलं असतं. मग म्हणेनासा झाला. मोडलेल्याचं काय करायचं ते त्यालाच कळायला लागलं."

कुंपणापलीकडे स्पिरो उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणी न सांगता आत निघून गेला.

"मी नाही येणार," रेलीन उठत म्हणाली. "रागाने नाही सांगत. राग केव्हाच संपला. पण तू गावभर सांगत फिरतोस ना, एकटा जाणार म्हणून? तर जा. गेलास तर मला बरं वाटेल. खरंच."

बंकचे तुकडे दोघांनी मिळून ट्रेलरवर चढवले. तिने दोर आवळला. ती गाठ मारत असताना तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "अशी नाही, सुटेल ती." ती म्हणाली, "सुटत नाही." आणि ती गेली.

रविवारचं जेवण झालं. लोकांनी सॉसेज खाल्ले, थट्टा केली. डॅरिल सगळ्यांशी हसून बोलला. सोमवारी काट्यावरचा आकडा बरोबर आला आणि तो निघाला. गल्लीत कुणाचाच विश्वास बसेना. दोन जण तर संध्याकाळी बघून आले, गाडी खरंच नाही ना म्हणून.

गाडी उत्तम चालली. ते कबूल करायला हवं. काही खडखडलं नाही, काही गळलं नाही, फ्रीजमधली बिअर पाहिजे तितकी गार. समोरून येणारे कॅरॅव्हॅनवाले स्टिअरिंगवरून बोट उचलून सलाम करत, तोही करी. पण बाजूच्या सीटवर बोलायला कुणी नव्हतं आणि मागे बंक होते तिथे मोकळी जागा होती, आरशात सारखी दिसायची. त्या जागेत काय ठेवावं, हे त्याला ठरवता येईना. सेडुनात त्याने गाडी समुद्राच्या कडेला लावली. इथून पुढे पश्चिमेला फोन लागण्याची खात्री नसते. दुपार होती. त्याने टेगनला फोन लावला.

"बाबा! निघालास? खरंच?"

"सेडुनात आहे."

"अय्या, सेडुना! तिथे..." आणि ती थांबली. चौदा वर्षांची असल्यापासूनची सवय.

"आईने सांगितलंय मला," तो म्हणाला. "बोल. तिथे काय झालं?"

मग ती दबकत बोलायला लागली. पहिल्याच रात्री वाऱ्याने तंबू उडाला, ब्रोडी चड्डीवर त्याच्यामागे धावला, एका म्हाताऱ्या जोडप्याने तिघांना आपल्या कॅरॅव्हॅनमध्ये घेतलं आणि आजोबा इतके घोरत होते की आईला हसू आवरेना. सांगता सांगता टेगनचा आवाज मोकळा झाला. तिला मधेच ठसका लागला इतकी ती हसली. डॅरिल "मग?" म्हणत राहिला. त्याला सगळं ऐकायचं होतं, ब्रूमपर्यंतचं. कुठे थांबलात, काय खाल्लंत, कोण रडलं. आपल्याच पोरांची गोष्ट तो परक्यासारखा विचारून घेत होता.

"आणि ब्रूमला? कुठे उतरला होतात?"

"ते मैदान आता नाही म्हणे. तिथे काहीतरी बांधलंय." ती थांबली. "बाबा, तू असतास ना, तर अजून मजा आली असती."

"हो," डॅरिल म्हणाला.

पोरगी चांगली होती, अजूनही त्याला सांभाळत होती. तो असता तर ते निघालेच नसते.